सौंदर्याची मोजपट्टी

शाळेस निघण्यापूर्वी आरशात एकवार डोकावल्यावाचून बहुधा कोणी विद्यार्थी घराबाहेर पडत नाही. त्यात दोष काहीच नाही. नीटनेटकेपणा हे सुशिक्षिताचे पहिले लक्षण होय. परंतु पंधरा-सोळा वर्षांच्या वयात आरशापुढे उभे राहणारा मुलगा अथवा मुलगी केवळ केस विंचरीत नसते. आपले नाक, आपला वर्ण, आपले दात यांची दुसऱ्याशी तुलना करून आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, याचा मनाशी हिशेब मांडीत असते. त्यातून आमचे गोरेगाव म्हणजे चित्रपटांचे माहेरघर. १९४३ मध्ये ‘फिल्मिस्तान’ ही चित्रसंस्था येथे निघाली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र शासनाने चित्रनगरी वसविली तीही येथेच. निवडक चेहरे येथून देशभर जातात, आणि रस्त्यावरील फलकांवरून तेच चेहरे आमच्या मुलांकडे पाहत असतात. तेव्हा ‘सुंदर कोण व कुरूप कोण’ हा प्रश्न येथील मुलांस थोडा अधिक बोचला, तर त्यात नवल ते काय?

वर्गात कोणास ‘काळ्या’, कोणास ‘नकट्या’, कोणास ‘दातऱ्या’ अशी नावे पडतात. नाव ठेवणारा ते दुसऱ्या दिवशी विसरतो; ज्यास नाव पडते तो ते वर्षानुवर्षे विसरत नाही. अलीकडे या चेष्टेस शास्त्राचाही आधार देण्यात येऊ लागला आहे. ‘सुंदर चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा असतो, हे सिद्धच झाले आहे’, ‘उत्क्रांतीने सुंदरांनाच पुढे आणले’, अशी वाक्ये विद्यार्थ्यांच्या तोंडी आम्ही ऐकतो. शास्त्राचे नाव घेतले की वाद मिटला, असे मुलांस वाटते. म्हणून या विषयात शास्त्र खरोखर काय सांगते व काय सांगत नाही, याचा विचार एका मराठी विद्यार्थिनीच्या संशोधनाच्या आधारे येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभ डार्विनपासून केला पाहिजे. चार्ल्स डार्विन यांचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या प्राण्यास परिस्थितीशी जुळवून घेता येते तो टिकतो व त्याची संतती वाढते, हा त्याचा सारांश. परंतु मोराचा पिसारा या सिद्धान्तात बसेना. एवढे ओझे घेऊन मोर पळणार कसा, आणि वाघ-बिबट्यापासून बचावणार कसा? मोराच्या पिसाकडे पाहिले की मला अस्वस्थ वाटते, अशा आशयाचे वाक्य डार्विन यांनी १८६० मध्ये एका मित्रास लिहिलेल्या पत्रात आढळते. पुढे १८७१ मध्ये मनुष्याच्या उत्पत्तीवर त्यांनी दुसरा ग्रंथ लिहिला व त्यात या कोड्याचे उत्तर दिले. ते असे की, काही लक्षणे जगण्यास उपयोगी पडतात म्हणून टिकत नाहीत. जोडीदारास ती आवडतात म्हणून टिकतात. लांडोर ज्या मोरास पसंत करते त्याची पिल्ले होतात, आणि पिसारा पिढ्यान् पिढ्या वाढत जातो. यास लैंगिक निवड असे म्हणतात.

ही कल्पना मोठी खरी, परंतु तिचा प्रत्यक्ष पडताळा घेणे सोपे नाही. पिसाऱ्यावरील डोळे ज्या मोराचे अधिक त्यास लांडोरी अधिक पसंत करतात, असे इंग्लंडमधील एका अभ्यासात १९९१ मध्ये दिसून आले. पुढे जपानमध्ये सात वर्षे मोरांचे निरीक्षण करून २००८ मध्ये जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात मात्र असा संबंध आढळला नाही. मोराच्या बाबतीत जेथे निकाल इतक्या काळजीपूर्वक बोलावा लागतो, तेथे मनुष्याच्या चेहऱ्याविषयी एका वाक्यात निकाल देणाऱ्याकडे आपण किती लक्ष द्यावे, हे वाचकांनीच ठरवावे. शिवाय सर्व मानवजातीस मान्य होईल असे सौंदर्याचे एकच माप नाही, हे स्वतः डार्विन यांनीच आपल्या ग्रंथात निरनिराळ्या देशांतील चालीरीती देऊन दाखविले होते.

तथापि माप सापडले नाही म्हणून मोजणारे थांबले नाहीत. डार्विन यांचे नातलग फ्रान्सिस गॉल्टन हे मोठे बुद्धिमान गृहस्थ होते आणि कोणतीही वस्तू मोजण्याची त्यांस विलक्षण हौस होती. ब्रिटनमधील गावोगावी फिरताना ते खिशात एक कागद बाळगीत, व रस्त्याने जाणारी स्त्री सुंदर, मध्यम की कुरूप, याची नोंद टाचणीने कागदास भोके पाडून करीत. या भोकांवरून त्यांनी ब्रिटनचा ‘सौंदर्याचा नकाशा’ तयार केला. त्यात लंडन सर्वांत वर व अॅबरडीन सर्वांत खाली ठरले! भोके अगदी काळजीपूर्वक मोजली होती, यात शंका नाही. परंतु ती भोके स्त्रियांच्या सौंदर्याची होती की गॉल्टन यांच्या आवडीनिवडीची? आकडा दिसला म्हणजे माप खरे, असे नव्हे, ही गोष्ट या उदाहरणावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानात यावी.

याच गॉल्टन यांनी १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्र या नावाची एक नवी विद्या पुढे मांडली. मनुष्यांतील ‘उत्तम’ निवडून त्यांची संतती वाढवावी व ‘कनिष्ठां’ची वाढू देऊ नये, असा तिचा रोख होता. उत्तम कोण, हे ठरविणारे अर्थातच स्वतःस उत्तम समजणारे होते. ही विद्या युरोप-अमेरिकेत झपाट्याने पसरली. १९२७ मध्ये बर्लिनच्या दालेम या भागात मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र यांच्या अभ्यासासाठी कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली. तिचे संचालक प्राध्यापक ऑयगेन फिशर हे होते. आमची मराठी विद्यार्थिनी शिकावयास गेली ती याच संस्थेत.

इरावतीबाई कर्वे यांचे नाव पुष्कळ पालकांस ‘युगान्त’ या ग्रंथामुळे ठाऊक असेल. त्यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात मिंज्यान येथे झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. वडील गणेश हरी करमरकर हे तिकडे नोकरीस होते. सातव्या वर्षी त्यांस पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत पाठविण्यात आले व रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या वाढल्या. १९२६ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या, व १९२८ मध्ये मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्राची एम. ए. पदवी मिळविली. त्यांचे यजमान दिनकर धोंडो कर्वे हे रसायनशास्त्राचे अध्यापक, व सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. पुढील शिक्षणासाठी सुनेने जर्मनीस जावे, हे महर्षींस पसंत नव्हते. तरीही पतीचा पाठिंबा व डॉ. जीवराज मेहता यांजकडून मिळालेले कर्ज यांच्या बळावर इरावतीबाई १९२८ साली बर्लिनला गेल्या.

तेथे त्यांच्या प्रबंधाचा विषय ठरला तो मनुष्याच्या कवटीची विषमता, म्हणजे कवटीच्या डाव्या व उजव्या बाजूंतील फरक हा. या विषयामागे फिशर यांची एक कल्पना होती. गोऱ्या युरोपियनांच्या मेंदूचा उजवा पुढील भाग अधिक वाढलेला असतो, त्यामुळे त्यांची कवटी विषम होते, आणि ही विषमता त्यांच्या अधिक बुद्धीची खूण होय, अशी ती कल्पना. येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसेल तर ते कुरूपतेचे लक्षण मानावयाचे. परंतु तीच विषमता आपल्या लोकांच्या कवटीत असेल, असे वाटले, की ती श्रेष्ठतेचे लक्षण ठरवावयाची! पट्टी तीच, अर्थ मात्र सोयीप्रमाणे फिरविला. कोण वरचा व कोण खालचा हे ज्याने आधीच ठरविले आहे, त्याच्या हाती कोणतीही पट्टी दिली तरी ती त्याला हवे तेच सांगते.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या घेतल्या. त्यांत युरोपियनांच्या होत्या व इतरांच्याही होत्या. वसाहतींतून आणलेल्या मृतांच्या कवट्या त्या काळी युरोपातील संग्रहालयांत शेकड्यांनी पडून होत्या. त्यांच्या आप्तांची संमती कोणी विचारलेली नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. इरावतीबाईंनी या कवट्यांची मोजमापे बारकाईने केली व निष्कर्ष काढला तो असा की, कवटीच्या विषमतेचा व वंशाचा काहीही संबंध दिसत नाही.

हे वाक्य लिहिण्यास काय लागले असेल, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा. घर हजारो मैलांवर, डोक्यावर कर्ज, परकी भाषा, आणि ज्या गुरूंच्या हाती पदवी देणे न देणे, त्यांचीच कल्पना आपले आकडे खोटी ठरवीत आहेत! थोडी मापे इकडची तिकडे केली असती, किंवा निष्कर्ष गुळमुळीत शब्दांत मांडला असता, तर गुरू प्रसन्न झाले असते. इरावतीबाईंनी तसे केले नाही. फिशर यांनी त्यांस सर्वांत खालची श्रेणी दिली; पदवी मात्र १९३० मध्ये मिळाली. १९३३ मध्ये जर्मनीत नाझींची राजवट आली आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. वंशश्रेष्ठतेच्या या ‘शास्त्रा’चा आधार घेऊन पुढे लक्षावधी निरपराध माणसांचा संहार झाला, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. कवटी मोजण्याचा प्रश्न केवळ कवटीपुरता राहत नाही, तो असा.

आता कवटी वा चेहरा विषम का असतो, ते पाहू. आपल्या शरीरात काही विषमता जन्मजात ठरलेल्या आहेत. हृदयाचा कल डावीकडे, यकृत उजवीकडे, अशी रचना जवळजवळ सर्वांची असते. मेंदूचे दोन अर्धही तंतोतंत सारखे नसतात, व ही गोष्ट कोणा एका वंशाची नसून सर्व मानवजातीची आहे. यांखेरीज दुसरी एक किरकोळ विषमता असते: एक भुवई केसभर उंच, एक कान किंचित मोठा, नाक जरासे कलते. शरीराच्या दोन्ही बाजू वाढतात त्या एकाच आनुवंशिक सूचनांवरून. परंतु वाढीच्या ओघात पेशी पेशींत लहानसहान फरक घडतात, आजार येतात, कोणी एकाच बाजूच्या दातांनी चावतो, आणि दोन बाजूंत अल्पसा भेद राहून जातो. सर्वस्वी समान असा चेहरा कोणाचाच नसतो; ज्यांची छायाचित्रे फलकांवर लावतात, त्यांचाही नसतो.

यावरून काही शास्त्रज्ञांनी असा तर्क केला की, ज्याचे शरीर निरोगी त्याच्या वाढीत चुका कमी, म्हणून त्याचा चेहरा अधिक सम. आणि सम चेहरा आपणांस आवडतो तो आरोग्याची खूण म्हणून. तर्क सुबक आहे, व समतोल चेहरे लोकांस काहीसे अधिक आवडतात, हेही पुष्कळ प्रयोगांत दिसले आहे. परंतु आरोग्याचा दुवा तपासला तेव्हा काय झाले? इंग्लंडमध्ये जन्मापासून ज्यांच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवल्या होत्या अशा पंधरा वर्षांच्या ४,७३२ मुलामुलींचे चेहरे यंत्राने मोजण्यात आले. २०१४ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चेहऱ्याची विषमता व बाळपणातील आजारपण यांचा संबंध आढळला नाही! थोड्या लोकांवरून काढलेले अनुमान पुष्कळांस लावून पाहिले की पुष्कळदा असे होते.

दुसरा एक शोध याहून गमतीचा आहे. १८७८ मध्ये गॉल्टन यांनीच गुन्हेगारांची अनेक छायाचित्रे एकावर एक छापून ‘गुन्हेगाराचा नमुनेदार चेहरा’ काढण्याचा प्रयत्न केला. परंतु मिश्रणातून निघालेला चेहरा मूळ चेहऱ्यांपेक्षा बरा दिसू लागला. दुष्टपणाची खूण म्हणून जी काही दिसत होती ती नाहीशी झाली. १९९० मध्ये अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी संगणकाच्या साहाय्याने ३२ चेहऱ्यांपर्यंत मिश्रणे करून पाहिली, तेव्हा बहुतेक सुट्या चेहऱ्यांहून मिश्र चेहराच लोकांस अधिक आवडला. म्हणजे ज्यास आपण सौंदर्य म्हणतो त्यातील बराचसा अंश सर्वसामान्यतेचा आहे, काही दुर्मिळ देणगीचा नव्हे. सर्वच अंश तसा नाही, हेही पुढील प्रयोगांनी दाखविले.

आता वर्णाविषयी दोन शब्द. कारण आमच्या समाजात मोजपट्टी सर्वांत आधी लागते ती कातडीच्या रंगास. त्वचेचा रंग व सूर्यप्रकाशातील अतिनील किरण यांचा संबंध नीना जाब्लॉन्स्की व जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० मध्ये सविस्तर मांडला. प्रखर उन्हाच्या प्रदेशात काळे रंगद्रव्य शरीरातील फोलेट नावाच्या जीवनसत्त्वाचा नाश होऊ देत नाही. गर्भाच्या वाढीस हे जीवनसत्त्व अत्यावश्यक आहे. जेथे ऊन मंद तेथे त्याच उन्हातून त्वचेस ‘ड’ जीवनसत्त्व तयार करावे लागते, म्हणून तेथे उजळ त्वचा सोयीची. आपणा सर्वांचे पूर्वज आफ्रिकेतले व सावळ्या वर्णाचे होते. युरोपातील गोरेपणा गेल्या काही सहस्र वर्षांतच सर्वत्र पसरला, असे जुन्या अस्थींतील आनुवंशिक द्रव्यावरून दिसते. तेव्हा वर्ण म्हणजे पूर्वजांच्या आकाशातील उन्हाची नोंद होय. ते कुळाचे, शीलाचे वा बुद्धीचे प्रमाणपत्र नव्हे. मनुष्यामनुष्यांत जे आनुवंशिक भेद आहेत त्यांपैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहातील व्यक्तींमध्ये आढळतात, असे रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखविले.

आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी वधू पाहिजे’ असे छापून येत आले; कांदेपोह्यांची बशी घेऊन येणाऱ्या मुलीचे शिक्षण विचारण्यापूर्वी तिचा रंग पाहिला गेला; बाळ जन्मले की ‘कोणाच्या वळणावर गेले’ याआधी ‘रंग कसा आहे’ हे विचारले गेले. १९७५ पासून बाजारात असलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाच्या नावातून ‘गोरे’ हा शब्द २०२० मध्ये काढून टाकण्यात आला. नाव बदलले, घरातील बोलणे बदलणे हे आपले काम आहे.

इरावतीबाई मायदेशी परतल्यावर १९३९ पासून अखेरपर्यंत, म्हणजे १९७० पर्यंत, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. मोजण्याची साधने त्यांनी टाकून दिली नाहीत. महाराष्ट्रातील अनेक जातींच्या लोकांची शरीरमापे घेऊन त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह १९५१ मध्ये ती प्रसिद्ध केली. या विद्येची जागा आता बव्हंशी आनुवंशशास्त्राने घेतली आहे. मोजणे वाईट नव्हे. मोजण्याआधीच निकाल ठरविणे वाईट.

विद्यार्थ्यांस असा प्रयोग करावयाचा असेल, तर तो त्यांनी अवश्य करावा. परंतु सोबत्यांच्या चेहऱ्यांवर नव्हे. वर्गातील मुलांचे चेहरे मोजून क्रम लावणे हा प्रयोग नसून छळ होईल. त्याऐवजी आपट्याचे पान घ्यावे. त्याची दोन दले मधल्या शिरेशी जोडलेली असतात, जणू कोणी मोजण्यासाठीच मुद्दाम घडविली आहेत. आपटा न मिळाल्यास कांचनाचे पान चालेल. झाडाखाली पडलेली ताजी तीस पाने वेचावी, प्रत्येकावर क्रमांक घालावा, आणि देठ आपल्याकडे व पानाची वरची बाजू वर ठेवून मधल्या शिरेपासून डाव्या व उजव्या दलाची सर्वांत अधिक रुंदी प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपरने मोजावी. नंतर, पान सुकण्यापूर्वी, दुसऱ्या विद्यार्थ्याने पहिल्याचे आकडे न पाहता तीच पाने पुन्हा मोजावी. एकाच दलाच्या दोन मापांतील फरक हा जर डाव्या-उजव्या दलांतील फरकाएवढाच निघाला, तर तुम्ही पानाची विषमता मोजली नसून स्वतःच्या हाताची चूक मोजली, असे समजावे. फरक खराच असेल, तर तो सदैव एकाच बाजूस आहे की कधी डावीकडे, कधी उजवीकडे, हे पाहावे. आणि जो निकाल येईल तो वहीत जसाच्या तसा लिहावा. शिक्षकांस काय आवडेल याचा विचार करू नये. हेच आपट्याचे पान दसऱ्यास ‘सोने’ म्हणून दिले जाते; त्याची दोन्ही दले सारखी नाहीत म्हणून ते कोणी परत केल्याचे ऐकिवात नाही.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलांच्या रूपावरून विनोदानेही नाव ठेवू नये व इतरांस ठेवू देऊ नये. बाहेरच्याने मारलेला टोमणा मूल सहन करते. परंतु तोच आईबापांच्या तोंडून निघाला म्हणजे ते त्यास सत्य मानते. विद्यार्थिमित्रांस सांगणे हे की, पुढच्या वेळी कोणी शास्त्राचे नाव घेऊन एखाद्या सोबत्याचे नाक वा रंग हिणवील, तेव्हा गप्प बसू नये. किती जणांची मापे घेतली, कोणी घेतली, व मोजण्यापूर्वीच निकाल ठरला होता काय, हे तीन प्रश्न त्यास शांतपणे विचारावेत. बावीस-तेवीस वर्षांच्या इरावतीबाईंपाशी बर्लिनमध्ये याहून मोठे हत्यार नव्हते.